छताखालची आगगाडी आणि तिची पुनर्बांधणी

सदलग्याच्या मुलाला आगगाडी पाहावयाची असेल तर त्याला गावाबाहेर पडावे लागते. दूधगंगेच्या काठी वसलेल्या या गावाला उसाचे मळे आहेत, सुपीक काळी जमीन आहे. परंतु रूळ नाहीत. गाडी धरावयाची तर मिरज, कोल्हापूर किंवा चिकोडी रोड अशा दूरच्या स्थानकावर जाणे भाग पडते. कदाचित याचमुळे आपल्याकडील मुलांना आगगाडीचे आकर्षण अधिक वाटत असावे. जी वस्तू रोज दारावरून जाते तिच्याकडे कोणी मान वर करून पाहत नाही. जी क्वचित दिसते तिचे चित्र मात्र मनात कायमचे उमटते. अशी आगगाडी आपल्याच खोलीत, डोक्याच्या वर, चारही भिंतींच्या कडेने फिरू लागली तर? ही कल्पना बालिश वाटण्याचा संभव आहे. पण ती प्रत्यक्षात आणू लागले, आणि विशेषतः एकदा बांधून बिघडलेली अशी गाडी पुन्हा बांधू लागले, म्हणजे वर्गात शिकलेले गणित व पदार्थविज्ञान आपल्याला पदोपदी हटकू लागते. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. जर्मनीतील मेर्कलिन या खेळणी करणाऱ्या कारखान्याने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत रुळांवर चालणारी खेळण्यातील आगगाडी मांडली आणि तिच्या रुळांची ठराविक मापे ठरवून दिली. तोपर्यंत ज्याला जसे जमेल तसे रूळ तो करीत असे. एकाची गाडी दुसऱ्याच्या रुळांवर चालत नसे. माप ठरल्यामुळे मुलाला आज चार रूळ, पुढील वर्षी आणखी चार, असे जोडीत जाता येऊ लागले. योगायोग असा की, त्याच १८९१ साली आपल्या शेजारी कोल्हापूर-मिरज हा खरा लोहमार्ग सुरू झाला. त्याची पायाभरणी १८८८ साली छत्रपती शाहू महाराजांच्या हस्ते झाली होती. म्हणजे आपल्या भागातील खरी गाडी आणि जगातील मापबद्ध खेळगाडी या एकाच वयाच्या म्हणावयास हरकत नाही.

मराठी घराण्यांतही लहान गाडीचे कौतुक जुने आहे. साताऱ्याजवळील कण्हेरखेडचे शिंदे ग्वाल्हेरला राज्य करू लागले, त्या घराण्यातील माधवराव महाराजांना आगगाडीचा विलक्षण नाद होता. त्यांच्या राज्यात दोन फूट रुंदीच्या रुळांची छोटी रेल्वे होती. ग्वाल्हेर ते श्योपूर असा तिचा सुमारे दोनशे कि.मी.चा मार्ग २०२० पर्यंत वापरात होता. याच महाराजांच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या भव्य मेजावर चांदीची एक विजेची गाडी फिरत असे. तिच्या डब्यांवर काचेची पात्रे ठेवलेली असत, आणि पाहुण्याने पात्र उचलले की गाडी थांबत असे. पाहुण्यांचे मनोरंजन हा तिचा हेतू खरा. तथापि वजन उचलताच विजेचा प्रवाह तुटावा, ही योजना करणाऱ्याच्या बुद्धीला दाद द्यावीच लागते. ही गाडी आजही त्या राजवाड्याच्या संग्रहालयात पाहावयास मिळते.

सामान्य माणसाच्या आवाक्यातील उदाहरण पुण्याचे आहे. भाऊ जोशी या उद्योजक गृहस्थांनी छंद म्हणून लहान गाड्या जमविल्या. आरंभी त्यांनी त्यांची फिरती प्रदर्शने भरविली. प्रत्येक प्रदर्शनासाठी सारा मांड जोडावयाचा, संपल्यावर सोडवावयाचा, पुन्हा दुसरीकडे जोडावयाचा. अशा उचलाउचलीत रुळांचे जोड, तारा आणि नाजूक देखावे झिजत जातात. अखेर एकाच ठिकाणी कायमचा मांड उभा करण्याचे त्यांनी मनावर घेतले, आणि १९९८ साली पुण्याच्या कोथरूड भागात लघुरेल्वेचे संग्रहालय लोकांस खुले झाले. गाड्या, सिग्नल, रस्ते, दिवे, सर्कस असे एक छोटे शहरच तेथे चालते. त्या मांडाखाली मेज आहे, तो छताला टांगलेला नाही. परंतु एक गोष्ट त्यावरून शिकण्यासारखी आहे. पुन्हा बांधणे म्हणजे मोडलेले जसेच्या तसे जोडणे नव्हे. पहिल्या बांधणीने जे शिकविले ते ध्यानात ठेवून दुसरी बांधणी करणे, हाच पुनर्बांधणीचा खरा अर्थ होय.

आता छताखालच्या गाडीकडे वळू. मेजावरील मांडाला जागा फार लागते. आपल्या घरांत ती कोठून आणावयाची? म्हणून काही छंदिष्ट लोक भिंतींच्या कडेने, सुमारे सात फूट उंचीवर, एक अरुंद फळी चौफेर फिरवितात आणि तिच्यावर रूळ बसवितात. दारे-खिडक्या त्या उंचीच्या खालीच संपत असल्यामुळे मार्ग कोठे तुटत नाही. खाली माणसे वावरतात, जेवतात, अभ्यास करतात. वर गाडी आपली फिरत असते. ही फळी भिंतीला घोड्या ठोकून बसविता येते किंवा वरच्या तुळयांना सळयांनी टांगता येते. आपल्याकडील जुन्या घरांच्या भिंती मातीच्या गिलाव्याच्या असल्या तर त्यांत ठोकलेला खिळा फार दिवस तग धरीत नाही. अशा ठिकाणी भक्कम तुळईचा आधार घेऊन टांगणे हेच शहाणपणाचे ठरते.

विवेचनाच्या सोयीसाठी आपण एक खोली कल्पू या. तिची लांबी ३.६ मीटर, रुंदी ३ मीटर. तिच्या छताखाली पुष्कळ वर्षांपूर्वी कोणी हौसेने गाडी टांगली होती. आरंभी ती छान चालली. पुढे एका कोपऱ्यात ती वारंवार रुळावरून घसरू लागली. दाराच्या वर आली की मंदावू लागली. पावसाळ्यात मध्येच थांबू लागली. शेवटी कंटाळून ती बंद करण्यात आली आणि फळीवर धूळ साचली. आता घरातील मुलांना ती पुन्हा चालू करावयाची आहे. त्यांनी आरंभ कोठून करावा?

पुष्कळांना वाटेल की, जुने सारे ओरबाडून काढावे आणि नवे बसवावे. ही पहिली चूक होय. जुना मांड हा एक साक्षीदार आहे. त्याची जबानी घेतल्याशिवाय त्याला घालवून देऊ नये. रूळ काढण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचा नकाशा काढावा. फळीच्या प्रत्येक तुकड्यावर ‘पूर्व १, पूर्व २’ असे क्रमांक घालावेत. तारा कोठून कोठे गेल्या आहेत ते टिपून ठेवावे. मग गाडीचा एक डबा हाताने सावकाश साऱ्या मार्गावरून ढकलीत न्यावा. जेथे तो अडखळेल, डोलेल किंवा आपण होऊन पुढे धावेल, तेथे खडूने खूण करावी. डबा आपण होऊन धावला म्हणजे तेथे उतार आहे. डोलला म्हणजे एक रूळ खाली बसला आहे. अडखळला म्हणजे जोड चुकला आहे. एका तासाच्या या तपासणीत जेवढे कळते तेवढे आठवडाभर तर्क करूनही कळत नाही.

यानंतर मापाचा प्रश्न येतो. लहान गाड्यांची अनेक प्रमाणे आहेत. पुष्कळ देशांत प्रचलित असलेल्या ‘एचओ’ प्रमाणात खरी वस्तू ८७ पट लहान केलेली असते आणि रुळांतील अंतर १६.५ मि.मी. असते. १६.५ ला ८७ ने गुणले की १४३५ मि.मी. येतात, युरोपातील बहुतेक लोहमार्गांची रुंदी तीच आहे. आपला रुंद मार्ग १६७६ मि.मी.चा असल्यामुळे तो या प्रमाणात १९ मि.मी.हून थोडा अधिक व्हावयास हवा. म्हणजे बाजारात मिळणाऱ्या त्या रुळांवर भारतीय गाडीचे अगदी बिनचूक चित्र उमटत नाही. छताखालच्या गाडीसाठी लोक बहुधा यापेक्षा मोठे ‘जी’ प्रमाण पसंत करतात, कारण खालून पाहताना लहान गाडी दिसतच नाही. त्यात रुळांतील अंतर ४५ मि.मी. असून गाडी साडेबावीस पट लहान असते. आता गुणाकार करून पाहा : ४५ गुणिले २२.५ म्हणजे सुमारे १०१२ मि.मी., अर्थात जवळजवळ एक मीटर! मिरजेहून कुडची, रायबाग, चिकोडी रोड, घटप्रभा या वाटेने बेळगावला जाणारी आपली जुनी गाडी मीटर रुंदीच्या रुळांवरच धावत असे. तेव्हा हे माप निवडणारा मुलगा आपल्या आजोबांनी प्रवास केलेल्या गाडीचेच प्रतिरूप करू शकतो.

मार्ग किती लांबीचा होईल? रुळांची मध्यरेषा भिंतीपासून १० सें.मी. दूर ठेवली, तर ३.४ मीटर आणि २.८ मीटर बाजूंचा आयत मिळतो. कोपऱ्यात गाडी काटकोनात वळू शकत नाही, म्हणून प्रत्येक कोपरा ६० सें.मी. त्रिज्येच्या कंसाने गोल करावा लागतो. मग सरळ भाग उरतात २.२ मीटरचे दोन व १.६ मीटरचे दोन, मिळून ७.६ मीटर. चार कोपऱ्यांचे चार पाव-कंस एकत्र केले की एक पूर्ण वर्तुळ होते. त्याचा परीघ ३.७७ मीटर. एकूण मार्ग ११.३७ मीटर. त्याला साडेबावीसने गुणले तर खऱ्या गाडीच्या मानाने आपला मार्ग सुमारे २५६ मीटरचा भरतो. एवढ्या लहान खोलीत पाव कि.मी.चा लोहमार्ग!

पण येथेच तडजोडही दिसू लागते. भारतात मीटर रुंदीच्या मार्गावर वळणाची त्रिज्या सुमारे १०९ मीटरांहून लहान ठेवीत नाहीत. साडेबावीसने भागल्यास आपल्या खोलीत ती ४.८ मीटर हवी. खोलीची लांबीच मुळी ३.६ मीटर! म्हणून खेळगाडीची चाके व डब्यांचे सांधे अधिक तीव्र वळणासाठी मुद्दाम सैल केलेले असतात. वळणावर डब्याचा मध्यभाग आतल्या बाजूस झुकतो. डब्याच्या दोन चाकगाड्यांमध्ये ३० सें.मी. अंतर असेल, तर ६० सें.मी. त्रिज्येच्या वळणावर तो मध्य सुमारे १.९ सें.मी. आत येतो. पूर्वीच्या बांधणाऱ्याने कठडा रुळांच्या अगदी जवळ लावला असेल तर डबा त्याला घासेल आणि घसरेल. रूळ निर्दोष, गाडी निर्दोष, आणि तरीही अपघात! अशा वेळी दोष दोघांमधील अंतरात असतो.

कोपऱ्याची आणखी एक अडचण आहे. वळण घेताना मार्ग भिंतींपासून दूर सरकतो. आपल्या खोलीत कोपऱ्याच्या बिंदूपासून रुळापर्यंतचे तिरपे अंतर सुमारे ३९ सें.मी. होते. भिंतीत ठोकलेली घोडी इतक्या दूरवर हात पसरून भार पेलू लागली तर तिच्या मुळाशी फार ताण येतो. वरून सरळ टांगलेल्या सळईला हा प्रश्न पडत नाही. ती भाराच्या नेमकी वर असते. टांगण्याच्या पद्धतीचा हा मोठाच लाभ आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे काम, ते म्हणजे समपातळी. छत समपातळीत असेल असे मुळीच गृहीत धरू नये. फरशीवरही विश्वास ठेवू नये. पाणी वाहून जावे म्हणून तिला उतार दिलेला असतो. गवंडी जी पारदर्शक नळी वापरतात ती घ्यावी. तीत पाणी भरावे आणि बुडबुडा राहिला नाही ना हे नीट पाहावे. नळीची दोन्ही तोंडे उघडी असल्यामुळे दोन्हीकडे हवेचा दाब सारखाच असतो. म्हणून मध्ये नळी कितीही वाकडीतिकडी पडली असली तरी दोन्ही टोकांचे पाणी एकाच पातळीवर येऊन थांबते. पहिल्या भिंतीवर एक खूण करावी. एक टोक तेथे धरून दुसऱ्या टोकाने मीटरभर पुढे दुसरी खूण करावी, दुसरीवरून तिसरी, अशा खुणा करीत चारही भिंती फिराव्यात. शेवटी आपण पहिल्या खुणेपाशी परत येतो. शेवटची खूण पहिलीशी तंतोतंत जुळली तर काम बरोबर. ती ४ मि.मी. खाली आली, तर मध्ये कोठेतरी आपण चुकलो आहोत.

हा क्षण मोठा कसोटीचा असतो. फळी सरळ रेषेत एका भिंतीपुरतीच असती तर ही चूक कधीच कळली नसती. परंतु वाट फिरून जेथून निघाली तेथेच आली की चूक लपून राहू शकत नाही. जमिनीची मोजणी करणारे लोकही याच कारणास्तव आपली मोजणी आरंभाच्या बिंदूवर आणून बंद करतात. आता ४ मि.मी.चा फरक दिसल्यावर दोन मार्ग आपल्यापुढे असतात. एक म्हणजे शेवटचा तुकडा ओढूनताणून, खाली पाचर मारून जुळवून टाकणे. दुसरा म्हणजे पुन्हा नळी हाती घेऊन, कोणत्या खुणेपाशी चूक शिरली ते शोधणे. आपल्या कल्पित खोलीतील जुन्या बांधणाऱ्याने पहिला मार्ग पत्करला असावा. ज्या कोपऱ्यात गाडी वारंवार घसरत होती तेथेच त्याचा अखेरचा जोड होता! साऱ्या खोलीभर पसरलेल्या लहान लहान चुका त्याने एका जोडावर लादल्या. त्या जोडाने त्या काही दिवस सोसल्या आणि मग नाकारल्या.

खुणा जुळल्या की टांगणीचे काम घ्यावे. आटे पाडलेल्या लोखंडी सळया तुळईतून खाली सोडाव्यात. फळीच्या वर व खाली एकेक नट असावा, म्हणजे नट फिरवून फळी केसभर वर-खाली करता येते आणि भिंतीवरील खुणेशी जुळविता येते. दोन सळयांत अंतर किती ठेवावे? जुन्या मांडात ते ९० सें.मी. होते असे समजू. कालांतराने फळीला मध्ये १२ मि.मी. बाक आला. सळईपासून मध्यापर्यंतच्या ४५ सें.मी.त १२ मि.मी. उतार म्हणजे सुमारे ३७ ला १. आता ध्यानात घ्या की, मुंबई-पुणे मार्गावरील बोरघाटाचा चढही ३७ ला १ असाच आहे, आणि तेथे गाडीला मागून आणखी इंजिने लावावी लागतात. बिचाऱ्या खेळगाडीला दर ९० सें.मी.ला एक बोरघाट उतरून पुन्हा चढावा लागत होता! ती दारावर मंदावत होती यात नवल ते काय?

यावर उपाय पदार्थविज्ञान सांगते. दोन आधारांच्या मध्यावर तेच वजन ठेवले असता फळीचा बाक अंतराच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. अंतर निम्मे केले तर बाक निम्मा होत नाही, तो एक-अष्टमांश होतो. सळया ९० ऐवजी ४५ सें.मी.वर बसविल्या की १२ मि.मी.चा बाक सुमारे दीड मि.मी.वर येतो. आपल्या मार्गाला यासाठी २६ सळया पुरतील. फळीची जाडी दुप्पट केली तरी बाक एक-अष्टमांशच होतो. परंतु मग फळीचे स्वतःचे वजन वाढते आणि ते सारे तुळईवर पडते. म्हणून सळया वाढविणे हा अधिक चांगला उपाय होय.

टांगलेली वस्तू झुलते, हेही विसरून चालणार नाही. गाडी वळणावर जाताना फळीला बाहेर रेटते. सेकंदाला अर्धा मीटर वेग आणि वळणावर असलेल्या डब्यांचे वजन ४ किलो धरले, तर हा रेटा दीड-दोनशे ग्रॅम वजनाइतका येतो. आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु तो प्रत्येक फेरीत, त्याच जागी, त्याच दिशेने बसतो. झोपाळ्याला लहान मूलही योग्य वेळी हलके धक्के देऊन मोठा झोका देऊ शकते, तसाच हा प्रकार. म्हणून चारही कोपऱ्यांत फळीपासून भिंतीपर्यंत एकेक तिरपा आडवा आधार द्यावा. तो वजन पेलण्यासाठी नसतो, झोका अडविण्यासाठी असतो.

मग रूळ. पितळी रूळ उष्णतेने वाढतो. हिवाळ्यातील पहाट आणि चैत्रातील दुपार यांत कौलांखाली २० अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्याने ११.३७ मीटर पितळ सुमारे ४.३ मि.मी. वाढते. जोडांत जागा ठेवली नाही तर ही वाढ जाणार कोठे? रूळ बाजूला फुगवटा धरतो आणि गाडी पडते. म्हणून थंडीत रूळ बसवीत असल्यास, सव्वा मीटर लांबीच्या प्रत्येक रुळाच्या जोडात अर्ध्या मि.मी.ची फट ठेवावी. जुन्या खऱ्या लोहमार्गावर ‘खडक्-खडक्’ असा जो ताल ऐकू येत असे तो अशाच फटींचा. रूळ आणि फळी यांच्यामध्ये बुचाचा पातळ थर घालावा. नाहीतर पोकळ फळी तबल्याप्रमाणे घुमू लागते आणि खाली अभ्यास करणाऱ्याला गाडी शत्रू वाटू लागते.

विजेविषयी दोन शब्द सावधगिरीचे. गाडीला लागणारी वीज अल्प दाबाची, वीस व्होल्टच्या आसपास असते. घरातील २३० व्होल्टची वीज त्या दाबावर आणणारे यंत्र खाली, खटक्याजवळच असावे; घरची वीज फळीवर कदापि नेऊ नये. पावसाळ्यात गाडी थांबण्याचे कारण बहुधा जोडांत असते. दमट हवेत पितळेवर मळकट थर धरतो आणि प्रवाह पुढे जाईनासा होतो. प्रवाह साऱ्या जोडांतून रांगेने पाठविला तर एक बिघडलेला जोड पुढील सर्वांना उपाशी ठेवतो. म्हणून फळीखालून तांब्याच्या दोन जाड तारा चौफेर न्याव्यात आणि प्रत्येक रुळाला त्यांच्यापासून स्वतंत्र फाटा द्यावा. मग एक जोड रुसला तरी गाव अंधारात पडत नाही. गाडीमागे मऊ कापडाची गादी लावलेला एक डबा फिरविला तर रूळ आपोआप पुसले जातात. सात फूट उंचीवर रोज शिडी लावून पुसणे कोणाकडूनही होत नाही.

सुरक्षिततेचा विचार शेवटी सांगत असलो तरी त्याचा मान पहिला आहे. सात फुटांवरून निसटलेली वस्तू जमिनीवर येताना तिचा वेग ताशी सुमारे २३ कि.मी. होतो. दोन किलोचे इंजिन दारातून आत येणाऱ्या कोणाच्या डोक्यावर पडले तर काय होईल, हे सांगावयास नको. म्हणून फळीच्या आतल्या कडेला पाच सें.मी. उंचीचा पारदर्शक कठडा सलग असावा, आणि तो मघाचे १.९ सें.मी. अंतर ध्यानात घेऊन लावावा. प्रत्येक सळईला गाडी चढविण्यापूर्वी दहा किलो वाळूची पिशवी रात्रभर टांगून पाहावी. फळी, रूळ व गाडी यांचे एकूण वजन पंचवीस किलोच्या घरात जाईल आणि ते सव्वीस सळयांत वाटले जाईल. तेव्हा दहा किलो ही कसोटी पुरेशी कडक आहे. पंख्याची पाती फळीपासून दूर आहेत ना हेही पाहावे. शिडी, तुळई आणि विजेचे काम वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीच व्हावे. जे माणसांच्या डोक्यावर टांगावयाचे ते अंदाजाने टांगण्याचा अधिकार कोणालाही नाही.

सारे झाले की पहिली फेरी रिकाम्या डब्याची, दुसरी एकट्या इंजिनाची, आणि तिसरी पुऱ्या गाडीची, अशा क्रमाने चाचणी घ्यावी. वेग माफक असावा. खऱ्या गाडीचा ताशी ४० कि.मी. वेग आपल्या प्रमाणात सेकंदाला अर्ध्या मीटरहून किंचित कमी होतो. म्हणजे एका फेरीस सुमारे २३ सेकंद लागावयास हवेत. हातात घड्याळ धरून हे पाहणे मोठे मौजेचे असते. गाडी दहा सेकंदांत फेरी पुरी करू लागली तर ती गाडी राहत नाही, ती भिंगरी होते.

शेवटी जुन्यातले काय ठेवावे, हा प्रश्न राहतो. आपल्या भागातील खऱ्या लोहमार्गाचेच उदाहरण घ्या. कोल्हापूर-मिरज-पुणे हा मार्ग १९७१ साली मीटर रुंदीचा होता तो रुंद झाला. मिरज-बेळगाव मार्गावर हेच काम पुढे १९९० नंतरच्या दशकात झाले. रूळ बदलले, त्यांखालचे आडवे दांडे बदलले, इंजिने व डबे बदलले. परंतु कुडचीजवळ कृष्णा ओलांडावयाची, मग रायबागकडे वळावयाचे, ही वाट जुन्यांनी आखली होती तीच राहिली. पूर्वजांची पाहणी चांगली होती म्हणून ती ठेवली. माप अपुरे पडू लागले म्हणून ते बदलले. आपल्या छताखालच्या गाडीलाही हाच न्याय लावावा. जुन्या बांधणाऱ्याने निवडलेली उंची, दारावरून काढलेली वाट, हौसेने केलेली स्थानकाची लाकडी पाटी ही जरूर ठेवावीत. त्याच्या चुका मात्र आदरापोटी जपून ठेवू नयेत. त्याने चुका केल्या म्हणूनच आपल्याला त्या दिसल्या. तो प्रथम शिडीवर चढला नसता तर आपल्याला दुरुस्त करावयास काहीच उरले नसते.

विद्यार्थिमित्रहो, अशी गाडी विकत घेणे खर्चाचे काम आहे, आणि ती प्रत्येक घरात येईल असे नाही. परंतु या विद्येतील सर्वांत मोलाचा पाठ जवळजवळ फुकट मिळतो. येत्या सुटीत पाच-सहा मीटर पारदर्शक नळी, तांब्याभर पाणी आणि एक खडू एवढेच साहित्य घ्या. गुरुजींची परवानगी काढून आपल्या वर्गाच्या चारही भिंतींवर एका खुणेवरून दुसरी अशी समपातळीची रेषा आखीत जा. दोघांनी नळी धरावी, तिसऱ्याने खुणा कराव्यात. खोली फिरून परत पहिल्या खुणेपाशी आलात की क्षणभर थांबा आणि दोन खुणांमधील अंतर मोजा. ते शून्य असेल तर आनंदच आहे. नसेल, तर पाचर शोधू नका. नळीतला बुडबुडा शोधा.